मूळ पाहिल्याशिवाय दाताला हात लावू नकोस

प्रिय शिरीष,

तुझा मेसेज येऊन सतरा दिवस झाले. दोन ओळींत उरकण्यासारखा विषय नव्हता म्हणून उत्तर राहून गेलं, राग मानू नकोस. इथे सगळे बरे आहेत, आईचं बीपी आटोक्यात आहे.

तू दोन फोटो पाठवलेस. एक पॉमेरेनियनच्या डोळ्याखालच्या सुजेचा, दुसरा पर्शियन मांजरीच्या खालच्या जबड्याचा. खाली तुझं ठरलेलं वाक्य: "दिसतंय की, महिनाअखेरीस दोघांचेही दात काढून टाकतो." अरे, परळच्या जनावरांच्या दवाखान्यातल्या इंटर्नशिपपासून याच वाक्यावरून आपण भांडतोय. बापटच्या स्कूटरवर तिघं बसून जातानाही तू वाद सोडला नव्हतास आणि तो बिचारा सिग्नल चुकला होता! पण या वेळी माझं शेवटपर्यंत ऐक, आधी एक्स-रे काढ. तोंड उघडलं की दिसतो तो दाताचा वरचा भाग. निम्म्याहून जास्त दात हिरडीखाली आणि हाडात असतो, आणि दुखणंही बहुतेक तिथेच असतं.

कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठात प्राण्यांच्या दातांचे डॉक्टर व्हर्स्ट्रेट आणि सहकाऱ्यांनी 1998 साली कुत्र्यामांजरांच्या पूर्ण तोंडाचे एक्स-रे काढून पाहिले. वरून काहीच खोट न दिसणारे दातसुद्धा त्यांनी तपासले. त्यांतून 27.8 टक्के कुत्र्यांत आणि 41.7 टक्के मांजरांत उपचाराच्या दृष्टीने महत्त्वाचं काहीतरी निघालं. हे सगळे दात आपण "बरे आहेत" म्हणून सोडून दिले असते.

आधी पॉमेरेनियन. डोळ्याखालची सूज अँटिबायोटिकने उतरते आणि पंधरा दिवसांत परत येते, असं तू लिहिलंयस. येणारच. दाताच्या आतला गर मेला की तिथे रक्त पोचत नाही, मग औषध कुठून पोचणार? 208 ला, म्हणजे वरच्या डाव्या चौथ्या प्रीमोलरला (पुढच्या दाढेला), तीन मुळं आहेत, पुढे दोन आणि मागे एक. सरळ एक्स-रे फोटोत पुढची दोन एकावर एक येतात आणि आजारी कोणतं ते कळत नाही. एक्स-रेची ट्यूब थोडी नाकाकडे सरकवून दुसरा फोटो घे. जे मूळ ट्यूबच्या दिशेने सरकलेलं दिसेल ते टाळूकडचं, उलट गेलेलं ते गालाकडचं. मुळाच्या टोकाशी काळा गोल डाग दिसला की निदान हातात आलं. डाग नाही म्हणून दात जिवंत आहे असं मात्र समजू नकोस; हाडातला बराच चुना निघून गेल्याशिवाय तो डाग उमटत नाही. म्हणून उजवीकडच्या जोडीदाराचा, 108 चाही फोटो काढ आणि गराची पोकळी ताडून पाहा. मेलेल्या दातात नवं डेंटिन तयार होत नाही, त्यामुळे त्याची पोकळी दुसऱ्या बाजूपेक्षा रुंद राहते.

त्याच भुलेत खालची 309 आणि 409, म्हणजे डावी-उजवी पहिली मोठी दाढ, पाहिल्याशिवाय त्याला उठवू नकोस. माझी खरी काळजी हीच आहे. लहान जातीच्या कुत्र्यांत या दाढेची मुळं जबड्याच्या खालच्या कडेपर्यंत जवळजवळ टेकलेली असतात. हिरडीच्या आजाराने भोवतीचं हाड झिजलं की खाली पापुद्र्याएवढी कड उरते. वरून दाढ हलते, सोपी वाटते, तू एलिव्हेटर (दात सैल करायचं हत्यार) घालून पीळ देतोस आणि जबडा मोडतो. फोटोत ती कड आधी दिसली तर दाढेचे दोन तुकडे करून, जोर न लावता एकेक मूळ काढता येतं, आणि मालकाला धोका आधीच सांगता येतो.

मांजरीच्या 307 वर, म्हणजे खालच्या डाव्या तिसऱ्या प्रीमोलरवर, चढलेला तो लाल हिरडीचा तुकडा म्हणजे दात विरघळतोय. तिथे फोटोशिवाय काहीच ठरवू नकोस. मुळाभोवती काळी बारीक रेघ शाबूत असेल तर मूळ अजून मूळच आहे, ते पूर्ण काढावं लागेल. रेघ गायब आणि मूळ हाडासारखंच दिसत असेल तर फक्त वरचा भाग हाडाच्या कडेखालपर्यंत बरने (ड्रिलच्या टोकाने) उतरवून हिरडी शिवली तरी चालतं. पण तोंडभर स्टोमॅटायटिस (तोंडाच्या आतली सूज) किंवा मुळाशी पू असेल तर ही सवलत नाही. पहिल्या प्रकारात वरचा भागच कापलास तर दुखणं शिवणीखाली तसंच राहतं. दुसऱ्यात मूळ शोधत बसलास तर तू हाडच कोरत बसतोस.

मशीन माणसांच्या डेंटिस्टचं चालतं, एक्स-रे टिपणारा दोन नंबरचा सेन्सर घे. खालच्या मागच्या दाढांना सेन्सर जिभेच्या बाजूने दाताला समांतर ठेवता येतो. वर टाळू सपाट, तिथे ते जमत नाही, म्हणून दात आणि सेन्सर यांच्यातला कोन दुभागून त्या रेषेवर किरण काटकोनात सोडायचा. वरच्या दाढांना 45 अंशांपासून सुरुवात कर. मुळं लांबुडकी आली तर संध्याकाळच्या सावलीसारखं समज, ट्यूब फार आडवी झाली. आखूड आली तर फार उभी. मोठ्या कुत्र्याचा सुळा एका फोटोत मावत नाही, आधी मुळाचं टोक घे. कुत्र्याच्या 305 च्या (खालच्या डाव्या पहिल्या प्रीमोलरच्या) मुळाजवळ काळा ठिपका दिसला तर घाबरू नकोस, ते मेंटल छिद्र, म्हणजे जबड्यातून नस बाहेर येण्याचं नैसर्गिक भोक असू शकतं. कोन बदलल्यावर ते मुळापासून सुटं होतं, गळू मुळाला चिकटून राहतं.

भूल पूर्ण हवी. अर्धवट भुलेत कुत्रा चावला की सेन्सर गेला. मांजरीला स्प्रिंगचा गॅग (तोंड उघडं धरणारा चिमटा) लावूच नकोस. जबडा फार ताणला की मेंदूकडे आणि डोळ्यांकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीवर दाब येतो आणि मांजर आंधळी होऊ शकते. कूस बदलताना श्वासाची ट्यूब भुलेच्या मशीनच्या सर्किटपासून सोडव, नाहीतर श्वासनलिका फाटते. आणि दात काढून झाल्यावर, शिवण्याआधी, पुन्हा एक फोटो. तुटलेलं टोक आत राहिलंय की नाही हे तेव्हाच कळतं.

तुझ्या पगचा खालचा पहिला प्रीमोलर दिसत नाही म्हणालास, तिथलाही एक घे; दात आत अडकला असेल तर भोवती पाण्याची गाठ होऊन जबडा पोखरते.

वहिनींचा गुडघा कसा आहे? चिनूची ॲडमिशन झाली का? सांगलीला दिवाळीनंतर येईन म्हणतो. फोटो काढलेस की तसेच पाठव, क्रॉप करू नकोस, मला मुळांची टोकं पाहायची आहेत.

तुझा,
विन्या