कार्डावरचे प्रशिक्षक कुठे आहेत?

प्रति,
मा. व्यवस्थापकीय संचालक,
फुटबॉल क्लबची मालक कंपनी

विषय: सभासदत्वात कबूल केलेली प्रशिक्षकांची भेट दोनदा रद्द झाल्याबाबत, आणि मुळात प्रशिक्षकच टिकत नसल्याबाबत.

महोदय,

मी मालवणात जाळी, दोर, बोये आणि शिसं विकतो. गेल्या सोमवारी पोस्टमन आपल्या क्लबचं पाकीट दुकानात टाकून गेला. आत या हंगामाची दोन सभासद कार्डं होती, एक माझं, एक भाच्याचं. हंगाम सुरू होऊन महिना उलटल्यावर कार्डं आली याबद्दल मी काही म्हणत नाही. छपाई सुरेख, कडेला सोनेरी पट्टी, आणि मधोमध हाताची घडी घालून उभे असलेले मुख्य प्रशिक्षक. त्यांना आपण अकरा दिवस आधीच घरी पाठवलं होतं. भाच्याने कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "मामा, ह्यो गेलो मा?" समोरचं गिऱ्हाईक हसलं. मला काही हसू आलं नाही. दोन कार्डांचे सात हजार माझ्या खिशातून गेले होते.

आता मुद्द्याचं. या सात हजारांत घरच्या मैदानावरच्या सामन्यांची तिकिटं, एकेक जर्सी आणि "मुख्य प्रशिक्षकांसोबत सभासदांचा एक तास" मिळेल, असं आपल्या माहितीपत्रकात छापलं आहे. तिकिटं मिळाली, जर्सी मिळाली (भाच्याला एक नंबर लहान, पण तोही वाढतोच आहे). एक तास मात्र आजवर मिळालेला नाही. गेल्या हंगामात भेट ठरली, तेव्हा आम्ही दुकान बंद ठेवून पहाटेच्या एसटीने कुडाळला गेलो आणि रेल्वेत बसलो. गाडी सुटल्यावर मेसेज आला: अपरिहार्य कारणास्तव कार्यक्रम रद्द. ते अपरिहार्य कारण संध्याकाळी टीव्हीवर दिसलं. क्लब आणि प्रशिक्षक "परस्पर संमतीने" वेगळे झाले होते. या हंगामातल्या भेटीची तारीख पुढच्या रविवारची होती. ज्यांना भेटायचं ते कार्डावर आहेत, मैदानावर नाहीत.

अठरा महिन्यांत तीन प्रशिक्षक गेले. हरलो म्हणून मी हे पत्र लिहीत नाही, हरायची सवय आहे. माझी तक्रार आहे ती तुम्ही माणसं कशी निवडता याबद्दल. पहिले आले ते म्हणाले, चेंडू गोलरक्षकापासून पायात खेळवत वर न्यायचा, बचावफळी मध्यरेषेपर्यंत चढवायची. त्यासाठी तुम्ही कडेने पळणारे विंगर घेतले, पायाने चेंडू खेळवता येणारा गोलरक्षक घेतला. सात सामन्यांत ते गेले. दुसरे आले ते पाच जणांना मागे उभं करणारे. विंगर बाकावर बसले आणि गोलरक्षक सगळे चेंडू लांब मारायला लागला. तिसऱ्यांनी पुन्हा प्रेसिंग काढलं, म्हणजे समोरच्याच्या अंगावर धावून चेंडू हिसकावणं, पण तोवर पळणारे दोघे दुसऱ्या क्लबात गेले होते, आणि उरलेल्यांना सत्तराव्या मिनिटाला धाप लागत होती. पाच सामन्यांत तेही गेले. म्हणजे एकाने मागवलेला माल, दुसऱ्याच्या दुकानात, तिसऱ्याच्या गिऱ्हाइकाला. माझ्या धंद्यात कोणी असं केलं तर बँक वर्षभरात दारात येईल.

आमच्याकडे बोटीवर तांडेल असतो. जाळं कुठे टाकायचं, कधी ओढायचं, कधी रिकाम्या हाताने परत फिरायचं, हे तो सांगतो. मासळी लागली नाही म्हणून बोटवाला एखाद्या वर्षी तांडेल बदलतोही, नाही असं नाही. पण तो जून-जुलैच्या बंदीत बदलतो, बोट किनाऱ्यावर ओढलेली असताना. भर समुद्रात जाळं पाण्यात असताना तांडेलाला खाली उतरवणारा मालक मी पंचवीस वर्षांत पाहिला नाही.

आपण प्रत्येक वेळी पत्रकार परिषदेत "महत्त्वाकांक्षा" हा शब्द वापरता. त्या शब्दाला तळाशी काही टेकू आहे का, हे मला कळत नाही. आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, 2014 मध्ये सुरू झाली, आणि पहिल्या अकरा हंगामांत एकही संघ तळाला राहिला म्हणून खालच्या लीगमध्ये उतरला नाही. तळाला राहून तुमचं काही बिघडत नव्हतं, बिघडत होतं ते आमचं. त्याच लीगमध्ये हैदराबादचंही उदाहरण आहे. 2019 मध्ये पुण्याचा संघ बंद पडला, त्याच्या जागी हैदराबाद आलं, आणि 2019-20 मध्ये दहा संघांत दहावं राहिलं. मग मानोलो मार्केझ हे स्पॅनिश प्रशिक्षक आले. पहिल्या वर्षी पाचवा नंबर, प्लेऑफ हुकलं. तुम्ही असता तर तिथेच "परस्पर संमती" झाली असती. हैदराबादने मार्केझना ठेवलं, आणि मार्च 2022 मध्ये गोव्यात फातोर्ड्याला केरळच्या संघाला पेनल्टीवर हरवून हैदराबादने ट्रॉफी उचलली. पुढे पैशाअभावी तो संघ विस्कटला, ती गोष्ट वेगळी. तिथे नडला पैसा, प्रशिक्षक नव्हे.

"देशी प्रशिक्षकांना एवढ्या मोठ्या मंचाचा अनुभव नाही," असंही आपण एकदा म्हणालात. शेजारच्या गोव्यात आर्मांदो कुलासो यांनी 2005 ते 2012 या काळात धेंपो क्लबला पाच वेळा देशाचं विजेतेपद मिळवून दिलं. पाचही वेळा तोच माणूस, तोच क्लब. खालिद जमील यांनी ऐझॉलसारख्या लहान संघाला 2017 मध्ये आय-लीग ही देशपातळीवरची स्पर्धा जिंकून दिली, आणि ऑगस्ट 2025 मध्ये ते भारताचे प्रशिक्षक झाले. अनुभव कोणाकडे आहे, हे निदान नावं वाचून तरी ठरवावं.

खरं सांगायचं तर मला वेगळीच भीती आहे. महिंद्रा कंपनीच्या महिंद्रा युनायटेड संघाने 2005-06 ची राष्ट्रीय लीग जिंकली आणि 2010 मध्ये कंपनीने संघच मिटवला. कंपनीला क्लब हा एक विभाग, नफ्यात नसला की बंद. तुमचा उत्साह ज्या वेगाने दर पाच-सात सामन्यांत आटतो, ते बघून एका सकाळी आम्हालाही तसाच एक मेसेज येईल, असं वाटत राहतं. आमच्या वाडीत सगळे टेनिस बॉलच्या क्रिकेटचे वेडे. तरीही किनाऱ्यावर दोन बांबू रोवून, त्याला माझ्या दुकानातलं फाटकं ट्रॉलरचं जाळं बांधून सहा-सात पोरं तुमच्या जर्सीत खेळतात. त्या जाळ्याचे डोळे मोठे, चेंडू कधी कधी आरपार जातो आणि गोल झाला की नाही यावर अर्धा तास भांडण होतं. त्यांना मी काय सांगू, कोणासारखं खेळा?

आपल्या ग्राहक सेवेला मी तीनदा लिहिलं. तिन्ही वेळा एकच उत्तर आलं, "तुमचं प्रेम हीच आमची ताकद." ताकद आहे तर वापरा, नाहीतर परत करा.

माझं मागणं एवढंच. भेट दोन्ही हंगामांत झाली नाही, त्यामुळे दोन्ही कार्डांच्या रकमेतला त्या भेटीचा वाटा आणि रद्द झालेल्या प्रवासाचं भाडं परत द्यावं. प्रशिक्षक कोण निवडतो, त्याचं नाव सभासदांना कळवावं. फुटबॉल कळणारा माणूस त्यात आहे की नाही, तेवढं समजलं तरी पुरे. नवे प्रशिक्षक आणाल त्यांना किमान दोन पूर्ण हंगाम देणार का, याचं उत्तर लेखी मिळावं. उत्तर "नाही" असेल तरी चालेल, पण ते कार्डाचे पैसे घेण्याआधी सांगा. पंधरा दिवसांत काही कळलं नाही, तर मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज करीन. त्याचा नमुना आणून ठेवला आहे.

आणि नवीन कार्डं पाठवणार असाल, तर फोटोची जागा कोरी ठेवा. इथे चिकटवून घेऊ.

आपला,
एक सभासद, मालवण

सोबत: दोन्ही कार्डांच्या झेरॉक्स, दोन्ही हंगामांच्या पावत्या, एसटी आणि रेल्वेची तिकिटं.