पाण्याचा वार आणि कंबरेची कळ

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या आरोग्य पुरवणीत तरुण पोरांच्या पाठदुखीवर लेख आला होता, मोबाईल कमी बघा, ताठ बसा, वजन कमी करा असलं सगळं होतं त्यात. खोटं काय नाही. पण वाचून झाल्यावर मला वाटलं, हे लिहिणाऱ्याच्या घरी नळाला रोज सकाळी पाणी येत असणार. असं का म्हणतो ते सांगतो, पत्र जरा लांबलं तर कात्री लावा.

मी २७ वर्षांचा, राहायला सोलापूरच्या पूर्व भागात, एका टॉवेलच्या व्यापाऱ्याकडं हिशोबाला आहे. दीड-दोन वर्षं झाली कंबर आणि मान दुखतीय. रोज नाही, पण महिन्यातले पंधरा-वीस दिवस धरा. तीन महिन्यांच्या वर टिकलेलं नाहीतर परत परत येणारं दुखणं म्हणजे क्रॉनिक, असं डॉक्टर लोक म्हणतात, म्हणजे मी त्या परीक्षेत कधीच पास झालोय. घरात मात्र अजून कोण पास करायला तयार नाही. आजी म्हणते, ह्या वयात कसली कंबर रे, तुझ्या आजोबांनी साठीपर्यंत माग चालवला. आता आजोबा रात्री कण्हायचे की नाही ते आजीलाच माहीत.

मागल्या वर्षी एमआरआय काढला. रिपोर्टवर 'डिस्क बल्ज' (म्हणजे मणक्यांमधली चकती जरा फुगून बाहेर आलेली) लिहून आलं आणि घरात सुतक पडल्यासारखं झालं. चकती सरकली म्हणं! मग मी क्रिकेट बंद केलं, सिलेंडर उचलायचा बंद, गाडी बंद, कंबरेला पट्टा, जमिनीवर झोप, जपून जपून चालायचं, आणि तीन महिन्यांनी दुखणं होतं त्यापेक्षा वाढलं, वर दोन मजले चढलं की धाप. शेवटी एका फिजिओथेरपिस्ट ताईंकडं गेलो तर त्या रिपोर्ट बघून घाबरल्याच नाहीत. त्यांनी सांगितलं की २०१५ साली बऱ्याच अभ्यासांची एक मोठी छाननी झाली, त्यात ज्यांना काहीच दुखत नाही अशा विशीतल्या लोकांतसुद्धा १०० पैकी ३० जणांच्या स्कॅनमध्ये असा बल्ज दिसतो, ऐंशीत तर ८४ जणांच्या. म्हणजे ठणठणीत असलेली दहा पोरं चौकात रांगेनं उभी केली तर तिघांच्या कागदावर हेच लिहून येईल. मी त्या एका शब्दापायी वर्षभर अंग आखडून बसलो होतो, आणि न हलल्यानं स्नायू ढिले पडतात, भीतीनं माणूस अजून कमी हलतो, मग अजून दुखतं. (पायाला मुंग्या येऊन ताकद जात असेल, लघवीवरचा ताबा सुटत असेल, ताप येत असेल, उगाच वजन उतरत असेल तर मात्र लगेच डॉक्टरकडं जायचं, हे त्यांनी दोनदा बजावलं म्हणून इथं लिहितोय.)

मग त्यांनी विचारलं, झोप किती? मी म्हटलं, ते पाण्याच्या वारावर आहे. त्या हसल्या, सोलापूरच्याच असल्यामुळं पुढं काय विचारायची गरज पडली नाही. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो, आमच्याकडं पाणी येतं चार-पाच दिवसांनी, आणि आमच्या गल्लीत यायचं ते रात्री दीड-दोनला. कधी बारा, कधी तीन. अकरापासून ग्रुपवर "आलं का ओ?" चालू. मग मोटर लावा, हौद भरा, बॅरल भरा, घागरी भरा, वरच्या अक्कांना पाईप द्या, पहाटे चार वाजता आडवं व्हायचं आणि साडेनऊला दुकानात प्लास्टिकच्या खुर्चीत. त्यांच्या सांगण्यावरून मी दोन महिने कॅलेंडरवर दुखलेल्या दिवशी लाल फुली मारत गेलो. फुल्या बघून माझं मलाच हसू आलं, पाण्याच्या दुसऱ्या दिवशी फुली जवळपास ठरलेली.

मला वाटलं बादल्या उचलून होत असेल. म्हणून एक महिना बादल्या सगळ्या घरातल्या दुसऱ्यांनी उचलल्या, मी नुसता पाईप धरून जागा. तरी फुली तिथंच! ताई म्हणाल्या, झोप तुटली की शरीराची दुखणं सोसायची पातळी खाली येते, काल जे जाणवलं नसतं ते आज ठणकतं. दुखतंय म्हणून झोप लागत नाही असं आपण सगळेच म्हणतो, ते आहेच, पण रात्र खराब गेली म्हणून दुसऱ्या दिवशी दुखलं, हा धागा संशोधनात जास्त पक्का निघालाय. हे मला कोणी आधी सांगितलंच नव्हतं.

आता आमच्या भागात जागरण कोणाला नाही सांगा. धाकटा भाऊ २३ चा, लूमवर आहे, एक आठवडा दिवसपाळी एक आठवडा रातपाळी, बारा-बारा तास फरशीवर उभा. रातपाळीनंतर दिवसा झोपायचं तर एप्रिलात वर पत्रा तापलेला आणि भिंतीपलीकडं दुसऱ्याच्या कारखान्याचा खडखडाट. त्याचं सगळं अंगच दुखतंय म्हणतो, कुठं म्हणून बोट ठेवता येत नाही. दोस्त एक अभ्यासिकेत बसतो, एमपीएससीचा, त्याची मान भरतीची जाहिरात पुढं ढकलली गेली की धरते. आम्ही त्याला नाटकी म्हणायचो, का बे जाहिरातीचा आणि मानेचा काय संबंध. संबंध असतोय. टेन्शननं स्नायू ताठ राहतात, झोप उडते, आणि मेंदू दुखण्याकडंच कान लावून बसतो. दुखणं खरंच असतं, फक्त त्याचं कारण मानेत शोधून सापडत नाही. त्यात कोणी खरं मानत नसेल तर अजून वाईट. माझी मामेबहीण सोळाव्या वर्षापासून पाळीत अक्षरशः गडाबडा लोळते आणि घरचे म्हणतात लग्न झालं की थांबतं. एंडोमेट्रिओसिस नावाचा आजार (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाच्या बाहेर वाढतं) जगात साधारण दहातल्या एका बाईला असतो, तपासून तर बघा की!

आणि गोळ्या. वरच्या अक्का मांडीवर सूप घेऊन सकाळपासून विड्या वळतात, मान खाली ती खालीच, डोकं दुखलं की मेडिकलमधून एक पुडी. रोजची पुडी. साधी पेनकिलरसुद्धा महिन्यात १५ दिवस किंवा जास्त अशी तीन महिन्यांवर चालली की त्या गोळीमुळंच डोकं दुखायला लागू शकतं, शिवाय ॲसिडिटी आणि किडनीला धोका. त्यांच्या पोरीनं, वय वर्षं १९, आता तीच पुडी सुरू केलीय. कोण सांगणार त्यांना, मेडिकलवाला?

माझं म्हणाल तर पट्टा सोडला, आठवड्याला दीडशे मिनिटं चालायला सांगितलंय ते बऱ्यापैकी पाळतो, रविवारी कंबरेसाठी कंबर तलावाला जातो (हसा, मित्रपण हसतात). फुल्या कमी झाल्यात. पाण्याच्या दुसऱ्या दिवसाची फुली काय हलत नाही.

म्हणून जे कोणी पाणी सोडतात त्यांना तुमच्या पेपरातून एवढंच विचारा, रोज द्या असं आम्ही म्हणतच नाही, ते आमच्या नातवंडांना मिळालं तरी खूप झालं, पण वेळ तरी सांगा, आणि शक्य असेल तर दिवसाची द्या. कारखानदारांनी दर आठवड्याला पाळी फिरवण्याऐवजी महिन्यानं फिरवून बघावी, आमच्या भावाचं म्हणणं आहे पोरं खाडे कमी करतील. आणि पुरवणीत परत लेख छापाल तेव्हा ताठ बसायच्या आधी, तुमच्याकडं पाणी किती वाजता येतं, हा एक प्रश्न घाला.

आज आमचा वार आहे. ग्रुपवर मेसेज पडलाय, पुढच्या गल्लीत आलंय म्हणं. मोटर लावायला उठतो.

आपला,
एक वाचक, पूर्व भाग, सोलापूर