मुक्तास

कराड, २२ ऑगस्ट

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

तू रवांडात, तिथल्या मुलांना वंशसंहाराचा इतिहास शिकवायला गेलीस, त्याला आज चौथा दिवस. निघायच्या आदल्या रात्री मी बोलले ते बोलायला नको होतं. "लोक परदेशी जाऊन पोरांना गणित शिकवतात, इंग्रजी शिकवतात, तुला कत्तलीच सापडल्या?" तू काही बोलली नाहीस, बॅगेची चेन ओढलीस आणि आत गेलीस. झोपली नाहीस हे मला ठाऊक आहे. मधल्या खोलीतला दिवा तीनपर्यंत जळत होता.

तिथे झोप लागते का?

तुझी निळी वही टेबलावरच राहिली. उघडायची नाही असं ठरवलं होतं. दोन दिवसांत वाचून संपवली. आकायेसूचं पान दोनदा वाचलं. रवांडात १९९४ मध्ये शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसं, बहुतेक तुत्सी जमातीची, मारली गेली, ते तू मला आधी सांगितलं होतंस. पण त्यातल्या ताबा भागाचा प्रमुख असलेला हा आकायेसू त्याआधी शाळामास्तर होता, मग शाळा तपासनीस झाला, हे नव्हतं सांगितलंस. टांझानियातल्या आरुशाला बसलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या न्यायाधिकरणाने त्याला दोषी ठरवलं २ सप्टेंबर १९९८ ला. वंशसंहाराबद्दल एखाद्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने कुणाला दोषी ठरवण्याची ती पहिलीच वेळ, आणि बलात्कार हाही वंशसंहाराचा भाग असू शकतो हेही पहिल्यांदा तिथेच ठरलं. तीन न्यायाधीशांत बाई एकच, नवनीतम पिल्ले, डर्बनच्या बसचालकाची मुलगी. तिच्या नावाखाली तू दोन रेघा मारल्यास. त्यानंतर तीनच दिवसांनी आमच्या शाळेत शिक्षकदिन झाला असणार. कुणीतरी मला गुलाब दिला असेल. आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं गं.

पुढच्या पानावर मात्र मी अडले. तिथल्या जुन्या शाळांत मास्तर हुतू जमातीचा कोण, तुत्सी कोण, असं विचारून मुलांना वर्गात उभं करायचे, ते पान.

तू पाचवीत होतीस, माझ्याच वर्गात. शिष्यवृत्तीचे अर्ज आले होते. "मागासवर्गीय मुलांनी उभं राहा," म्हणून मी डोकी मोजली. दर वर्षी मोजायचे, वर आकडा कळवावा लागे. घरी आल्यावर तू विचारलंस, "आई, छाया उभी राहिली तेव्हा खाली का बघत होती?" मी म्हटलं, "जेवून घे." त्या रात्री तू उशिरापर्यंत जागी होतीस, आणि मीही. पुढच्या वर्षीपासून मी अर्ज मधल्या सुट्टीत एकेकाला बोलावून देऊ लागले. हे तुला कधी सांगितलं नाही. तिथलं आणि इथलं एक नव्हे, हे कळतं मला. पण तू हा विषय कुठून उचललास, ते वही वाचल्यावर कळलं.

आता ऐक. तुझ्या वर्गातली मुलं १९९४ नंतर जन्मलेली, पण त्यांचे आईबाप तेव्हा लहान होते. एका बाकावर कुणाच्या घरचे मेलेले असतील, शेजारी ज्याचा आजोबा तुरुंगात जाऊन आला तो. घरचं विचारू नकोस. फोटो पहिल्या दिवशी दाखवू नकोस. काँगोच्या लुबांगापासून सुरुवात करायचा तुझा बेत मला पटला. पंधरा वर्षांच्या आतली मुलं लढाईत ओढली म्हणून हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने २०१२ मध्ये पहिल्यांदा कुणाला दोषी ठरवलं, तो हा. चौदा वर्षांच्या पोरांना त्यात आपलं वय दिसेल. कुणी रडलं तर लगेच धडा पुढे रेटू नकोस, खिडकी उघड, पाणी दे. आणि फळ्याकडे तोंड करून फार वेळ

बघ, पुन्हा तास घ्यायला लागले. बत्तीस वर्षांची सवय. माफ कर. मी गणित शिकवलं, हे कधीच शिकवलं नाही. तुझं तुला जास्त कळतं.

सुधाआत्याचा फोन आला होता. "पोरगी कुठे गेली?" म्हणाली. मी रवांडाची राजधानी किगाली म्हटलं, मग तिला हंसाबाई मेहतांचं सांगितलं, त्यांच्या आग्रहामुळे मानवी हक्कांच्या १९४८ च्या जाहीरनाम्यात 'सगळे पुरुष' जाऊन 'सगळी माणसं' कसं आलं ते. आठवीतलं तुझं दहा डिसेंबरचं भाषणच होतं ते. मला अजून पाठ आहे. आत्या गप्प बसली, मग म्हणाली, आपल्या घरात असं कुणी नव्हतं.

बाबा काही बोलत नाहीत. काल नकाशा काढून बसले होते.

रात्री दीडला मला जाग येते. तेव्हा तुझे दहा वाजलेले असतात. तू उद्याच्या तासाचं वाचत असशील, त्या साक्षी वाचत असशील असं वाटतं. दहानंतर वाचू नकोस. सकाळी वाच, चहा घेताना वाच. एवढं ऐकशील का?

पहिला तास आठला म्हणालीस, म्हणजे आमचे साडेअकरा. मी तेव्हा कुठे जाणार नाही. तास झाला की फोन कर. मुलांनी काय विचारलं ते सांग. माझ्यावरचा राग असला तरी कर.

तुझी
आई

ता.क. मच्छरदाणी बॅगेच्या तळाशी, शालीत गुंडाळली आहे. तू काढून ठेवली होतीस, मी परत घातली.