रोप विकताना हवामानही सांगा

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत जपानी बिही या शोभेच्या काटेरी झुडपाचा फोटो पाहिला. बिनपानांच्या काळ्या फांद्यांना चिकटलेली शेंदरी फुलं. याच फोटोवर भुलून पाच वर्षांपूर्वी मी एका प्रदर्शनातून दोन रोपं आणली. 'कुठेही वाढते' असं विकणारा म्हणाला होता. वाढते, खोटं नाही. फुलत नाही!

एक रोप पहिल्याच पावसात गेलं. चूक माझी. आमच्या कोकणातल्या जांभ्या दगडात खणलेला खड्डा म्हणजे आषाढात हौदच, मुळं कुजली. दुसरं मग गडग्याजवळ उंचवट्यावर लावलं. शेणखत घातलं, बुंध्याशी पातेरा पसरला. झुडूप कमरेएवढं झालं, काटे असे की पंचाचं सूत निघावं. पण कळी एक नाही.

पुतण्या सिमल्याला असतो. त्याच्या दारात हेच झाड थंडी सरताना पानांआधी फुलतं. मी गुलाबासारखी ऑक्टोबरात छाटणी करतो म्हटल्यावर तो हसलाच. बिहीची कळी जुन्या लाकडावर, म्हणजे आदल्या वर्षीच्या फांद्यांवर धरते, म्हणून फुलं सरल्यावर लगेच छाटायची. ऑक्टोबरात छाटली तर कळ्याच कापल्या जातात. दोन वर्षं कात्री लावली नाही, तरी परिणाम शून्य. कारण कळी उमलायला तिला कित्येक आठवड्यांची कडक थंडी लागते, सात अंशांच्या आतबाहेरची. आमच्याकडे जानेवारीत पहाटे पारा पंधराच्या खाली आला तर लोक शेकोटी पेटवतात.

आजी खोकल्यावर बिहीदाणा भिजवून द्यायची, तो खऱ्या बिहीचा. ही तिची चुलत बहीण, दोघी थंड मुलखातल्या. रोपावर किंमत लिहितात, तसं 'थंड हवेसाठी' एवढं लिहायला विक्रेत्याचं काय जातं? पुरवणीनेही फोटोखाली ती ओळ टाकावी, ही विनंती.

काटेरी कुंपणच हवं तर आपली कोरांटी आहे. पावसाळ्यात फांदी खोचली की जगते, दिवाळीनंतर पिवळीधमक होते. सुवास हवा तर अनंत लावा.

बिही उपटायला मात्र हात होत नाही. यंदा तिच्यावर कारल्याचा वेल चढवलाय. काट्यांना धरून चांगला वर गेलाय, आणि सध्या तिच्यावर जी फुलं दिसतात ती त्याचीच.

आपला,
एक वाचक, ता. गुहागर