मृदुलला, ओवीच्या ताटाबद्दल

मुलुंड, मुंबई

प्रिय मृदुल,

दिवाळीपासून तुला एक ओळ नाही, रागावली असशील. आम्ही ठीक. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं. बाकी सगळं माझ्या लेकीचं, ओवीचंच.

गुडघ्याची सूज 6 आठवड्यांच्या पुढे गेली, बाकीची कारणं तपासून झाली, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, जेआयए. 16 वर्षांच्या आतल्या मुलांचा संधिवात. प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर उठते. सकाळी पोर भिंत धरून चालते आणि संध्याकाळी गॅलरीत लंगडी खेळते, म्हणून शेजारच्या काकू म्हणतात, नाटकं करते. त्यांच्याशी मी बोलणं टाकलंय.

मेथोट्रेक्झेट नावाचं सांध्यांची सूज आवरणारं औषध चालू आहे, आठवड्यातून एकदाच, शनिवारी रात्री. रविवारी तिला मळमळतं, पण शाळा बुडत नाही. दर 3 महिन्यांनी डोळे तपासायचे, कारण डोळ्याच्या आत सूज येऊ शकते आणि डोळा ना लाल होतो ना दुखतो. हे सगळं मी निभावते गं. निभत नाही ते तिचं ताट.

सासूबाईंनी वातूळ म्हणून बटाटा, वांगं, वाटाणा, हरभऱ्याची डाळ बंद केली. मावशींनी आंबट म्हणून दही, ताक, टोमॅटो. संदीपच्या ऑफिसातल्या कुणीतरी दूध आणि गहू. परवा एकजण म्हणाले, डाळीने युरिक अ‍ॅसिड वाढतं. अहो, तो गाउट, तो आजारच वेगळा! उरला तूपभात. आठ वर्षांची वाढती मुलगी, या आजारात हाडं आधीच कमकुवत होण्याची भीती, स्टिरॉइड लागलं तर आणखी, आणि तिचं दूध तोडायचं?

हे तुलाच कळेल. अण्णांनी तुझ्या दम्यासाठी केळं, पेरू, दही सगळं बंद केलं होतं. तू काडी झालीस, दमा होता तिथेच. माझ्या डब्यातला दहीभात जिन्याखाली बसून चाटूनपुसून खाल्लास आणि वर चुगलीचा आळ माझ्यावर! चुगली शिल्पाने केली होती. आजही शपथेवर सांगते.

संदीपने तर रात्री दोनला मला उठवलं. क्रोन्स नावाच्या आतड्याच्या आजारात मुलांचं जेवण 6 ते 8 आठवडे थांबवून फक्त पोषणद्रव देतात, तो तिथला मान्य उपचार आहे. संधिवाताच्या मोजक्या मुलांनाही तसं देऊन पाहिलंय, काहींची सूज उतरली. बापाचा जीव, त्याला वाटलं सापडलं! डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं, पुरावा फार थोडा, औषधाच्या जागी नाही, घरच्या घरी तर मुळीच नाही. आणि मृदुल, त्या द्रवात सगळं पोषण मोजून घातलेलं असतं. आमच्याकडे चाललंय ते नुसतं काढून घेणं. दोन्हींना पथ्य कसं म्हणायचं?

सासूबाईंवर चिडताही येत नाही. त्यांच्या आईची वाकडी बोटं त्यांनी पाहिलीत, वाटी धरता यायची नाही. ओवीसाठी त्या स्वतः संकष्टीला पाणीही घेत नाहीत.

पण परवा वाढदिवसाला ओवीने हातातली पुरी खाली ठेवली आणि मला विचारलं, "आई, मागच्या वेळी मी श्रीखंड खाल्लं म्हणून गुडघा सुजला ना?" तिला वाटतं हे तिने ओढवून घेतलंय. तेव्हापासून मला झोप नाही. आजार तिच्या खाण्याने आलेला नाही, हे मी तिला रोज सांगते आणि घर रोज उलटं सांगतं.

आता मी ठरवलंय, डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञ सांगतील तेच बंद, बाकी कुणाचं नाही. दूध, दही पुन्हा सुरू. सकाळी नाचणीचं सत्त्व, 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. बुधवारी बांगडा, त्यातलं तेल चांगलं. त्याने आजार जात नाही हेही मला ठाऊक आहे. भूक लागून जेवली की मला बरं वाटतं.

तुझ्या बदलीचं काय झालं? अथर्वची दहावी संपली की सुटलीस. हेमाला विचारलंय म्हणून सांग.

मे महिन्यात ये. माझं ओवी ऐकत नाही, तुझ्या केळ्यांची गोष्ट तूच तिला सांग, सासूबाईंच्या देखत. शनिवारी सकाळीच पोहोच, रविवारी तिला बोलवत नाही.

तुझी,
वैशू