गॅलरीतल्या मुली

नौपाडा, ठाणे
रविवार दुपार

प्रिय सुधा,

परवा आई तुझ्याशी फोनवर बोलता बोलता मधेच म्हणाली, "थांब गं, मुली आल्यात," आणि तू एकदम गप्प झालीस. रात्री तुझा मेसेज आला, "काकूंचं डोकं ठिकाणावर आहे ना?" याचं उत्तर दोन ओळींत देववेना, म्हणून हे पत्र.

आईच्या डोळ्यांचं तुला माहीत आहे. पडद्याच्या मधोमध बारीक दिसण्याची जागा असते, मॅक्युला, तीच वयोमानाने खराब होत चालली आहे. सुरुवातीला विचारायची, "खिडकीचं ग्रिल कोणी वाकवलं?" आता समोरच्याचा चेहराच पुसला जातो, कडेकडेचं तेवढं दिसतं. यंदा पावसाळ्यात माझ्या लक्षात आलं, की गॅलरीत जाताना ती उंबऱ्याशी थांबते, पदर आवरून घेते आणि भिंतीला लागून जाते. कुणाला वाट द्यावी तशी. विचारलं तर आधी टाळलं. मग म्हणाली, "चार मुली असतात. हिरव्या परकरातल्या. बोलत नाहीत, नुसत्या उभ्या. त्या खऱ्या नाहीत, कळतं मला. पण दिसतात."

तीन महिने तिने हे पोटात ठेवलं होतं, आपल्याला वेड लागलं म्हणतील या भीतीने. आणि मी काय केलं? "आई, तिथे कोणी नाहीये!" म्हणून ओरडले. त्याचं मला अजून वाईट वाटतं. शेजारणीने दृष्ट काढायला सांगितली. एका डॉक्टरांनी "वय झालं" म्हणत झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी आईलाच समोर बसवून नीट विचारलं आणि सांगितलं, याला नाव आहे: चार्ल्स बॉने सिंड्रोम.

हा बॉने जिनिव्हाचा. १७६० साली त्याने आपल्या आजोबांबद्दल लिहून ठेवलं. आजोबांची नजर अधू, बुद्धी मात्र शाबूत. त्यांना माणसं, पक्षी, घोडागाड्या, इमारती दिसायच्या, आणि यातलं काही खरं नाही हेही ते जाणून होते. डोळ्यांकडून येणारी खबर आटली, की मेंदूतला पाहण्याचा भाग स्वस्थ बसत नाही, आपणच चित्रं उभी करतो. अशा माणसाला चेहरे दिसत असतात, तेव्हा मेंदूतली चेहरे ओळखणारी जागा खरोखर जागी असते, हे स्कॅनमध्ये दिसलेलं आहे. म्हणजे आई कल्पना करत नाही, ती पाहते.

आणि हे तिच्याच बाबतीत होतं असंही नाही. आत्ता एक रेघांचा कागद घे. डावीकडे फुली, तिच्या उजवीकडे चार इंचांवर एक ठिपका काढ. डावा डोळा झाक, उजव्याने फुलीकडेच बघत कागद हळूहळू जवळ आण. साधारण फूटभर, सव्वा फुटावर ठिपका नाहीसा होईल. डोळ्यातून मज्जातंतू जिथून बाहेर पडतो, तिथे प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नसतात. पण त्या जागी तुला भोक दिसणार नाही, कागदाच्या रेघा सलग दिसतील. त्या तिथे कोणी ओढल्या? मी हे आठ-दहा वेळा करून पाहिलं आणि दर वेळी आईची आठवण येऊन गलबललं.

दोरीवर साप दिसतो, दिवा आणला की साप जातो, हा दाखला आपण लहानपणापासून ऐकला. मीही तसाच दिवा दाखवायला गेले होते. पण काही साप दोरी कळल्यावरही जात नाहीत गं. कळव्याच्या पुलावर कोजागिरीला थांबलो होतो, आठवतं? पारसिकच्या डोंगरामागून चंद्र वर आला तो केवढा! तू पेपरची सुरळी करून त्यातून बघितलंस आणि ओरडलीस, "अगं, एवढासाच आहे!" सुरळी काढली की पुन्हा परातीएवढा. खरं तर क्षितिजावरचा चंद्र डोक्यावरच्यापेक्षा आपल्याला थोडा लांबच असतो, तेव्हा तो कणभर लहानच दिसायला हवा. हे आता मला पाठ आहे, तरी तो मोठाच दिसतो. कळणं एकीकडे आणि दिसणं दुसरीकडे. मग आईनेच कळलं म्हणून दिसणं का थांबवावं?

डॉक्टरीणबाईंनी साधे उपाय सांगितलेत: दिवा लावायचा, नजर चार-सहा वेळा डावी-उजवीकडे भराभर फिरवायची. कधी मुली जातात, कधी नाही. बऱ्याच जणांचं हे काळाने कमी होतं म्हणाल्या. आता आई मला मोकळेपणी सांगते, आणि तिचा चेहरा किती निवळलाय ते तूच येऊन बघ.

गणपतीत येशील तेव्हा दारातूनच "काकू, मी सुधा" म्हण, तुझा चेहरा तिला दिसणार नाही. मुलींचं निघालं तर विषय बदलू नकोस, विचार. काल दोघीच आल्या होत्या. धाकटीच्या वेणीत अबोलीचा गजरा होता म्हणाली, एक फूल दोऱ्यातून निसटलेलं. सकाळी मी देवापुढे अबोली ठेवली, ती मात्र तिला हाताने चाचपून ओळखावी लागली.

तुझी,
मंगल