टर्बो पुन्हा बसवताना राहून जाणारी गळती

मा. संपादक,

स. न. वि. वि.

डिझेलचे दर आणि महामार्गांवरील खड्डे यांविषयी आपल्या दैनिकात नेहमी लिहिले जाते. मात्र टर्बो (इंजिनात जादा हवा ढकलणारा पंखा) उतरवून पुन्हा बसवल्यावर त्याच्या जोडातून एक्झॉस्टची गळती सुरू होते आणि गाडी गॅरेजमधून तशीच बाहेर पडते, हा मराठवाड्यातील लहान ट्रकमालकांच्या खिशाला बसणारा फटका कुठेच नोंदला जात नाही. म्हणून हे पत्र.

माझा दहा चाकी ट्रक जालन्याहून लातूरला लोखंडी सळई आणतो. टर्बोच्या शाफ्टकडून ऑइल येऊ लागल्याने तो उतरवून दुरुस्त करून घेतला. त्यानंतरच्या पहिल्याच फेरीत, बीड मागे टाकून मांजरसुंब्याचा घाट चढताना गाडीचा पिकअप पार गेला, इंजिनाच्या बाजूने फटफट असा आवाज येऊ लागला, मागे काळ्या धुराचा लोट आणि केबिनमध्ये इतका वास की क्लिनरने डोके धरले. परतल्यावर एका मिस्त्रीने नवा टर्बो टाकण्याचा सल्ला दिला, दुसऱ्याने डिझेल पंप खोलायला सांगितले, आणि ज्या गॅरेजमध्ये काम झाले होते तेथे ‘पॅकिंग (जोडातली गळती रोखणारी पट्टी) बसायला दोन-चार फेऱ्या लागतात, मग आवाज आपोआप जाईल’ असे उत्तर मिळाले. टर्बोही ठीक होता आणि पंपही ठीक होता.

टर्बो फिरतो तो इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या दाबावर, मिनिटाला लाखाच्या आसपास फेऱ्या घेत. मॅनिफोल्ड (इंजिनाचा धूर एकत्र करून टर्बोकडे नेणारा नळ) आणि टर्बो यांच्या जोडातूनच धूर निसटू लागला, तर टर्बोला पुरेसा जोर मिळत नाही, इंजिनात हवा कमी जाते, डिझेल अर्धवट जळते आणि ॲव्हरेज घसरते. हीच गळती टर्बोच्या पुढे, सायलेन्सरच्या पाइपाकडे असली तर ताकद फारशी जात नाही, पण आवाज आणि वास मात्र येतोच. इंटरकूलरचा, म्हणजे टर्बोकडून इंजिनाकडे जाणारी हवा गार करणाऱ्या भागाचा, होज सैल असला तरीही पिकअप जातो, त्यामुळे दोहोंची गल्लत होते. परंतु तिथे काळी कोरडी काजळी न दिसता बहुधा तेलकट ओल दिसते, आणि एवढी खूण पाहिली तरी निम्मा घोळ मिटतो.

माझ्या गाडीची केबिन उलटवल्यावर जोडाच्या खालच्या कडेला काजळीचा पट्टा स्पष्ट दिसला. जुनेच पॅकिंग पुन्हा वापरून त्यावर सिलिकॉनची पेस्ट लावलेली होती. लोड असताना या जोडापाशी धुराचे तापमान ६०० अंश सेल्सिअसच्या वर जाते. तेथे ही पेस्ट जळून जाते आणि तिचे तुकडे टर्बोच्या पात्यांकडे जाण्याची भीती असते ती वेगळीच. एकदा दाबले गेलेले पॅकिंग दुसऱ्यांदा नीट बसत नाही. शिवाय सपाट पट्टी आणि फीलर गेज (फट मोजायची पातळ पाती) लावल्यावर मॅनिफोल्डचा फेस, म्हणजे जोडाची बाजू, वाकलेला निघाला, नट बसतो त्या एका स्टडचे आंटे गेलेले होते, आणि ज्याकडे मीही कधी लक्ष दिले नव्हते ते म्हणजे सायलेन्सरच्या पाइपाचा ब्रॅकेट बसवलाच नव्हता. पाइपाचे सगळे वजन आणि रस्त्याचे हादरे टर्बोच्या जोडावर येत होते. अशा स्थितीत नवे पॅकिंगही किती दिवस टिकले असते?

मॅनिफोल्डला लेथवर फेस मारून घेतला, पॅकिंग, स्टड व नट नवे टाकले. पाइप आधी सर्व जागी सैल ठेवून सरळ रेषेत आणला आणि मगच जोड आवळला. नट समोरासमोर, थोडे थोडे, टॉर्क पान्याने. इंजिन गार असतानाच सायलेन्सरच्या तोंडातून हलकी हवा सोडून जोडांवर साबणाचे पाणी टाकले. बुडबुडे आले नाहीत, आणि पुढच्या फेरीत तोच लोड घेऊन घाट पूर्वीसारखा चढला. पॅकिंग, स्टड आणि नट यांचा खर्च एका फेरीत वाया गेलेल्या डिझेलपेक्षा कमी होता. नव्या टर्बोला मात्र काही हजार रुपये सहज गेले असते.

प्रश्न केवळ पैशांचा नाही. डिझेलचा धूर कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २०१२ मध्येच जाहीर केले आहे, आणि रात्रभर केबिनमध्ये बसणाऱ्या चालकाच्या नाकाशी तो येत असतो. पीयूसी केंद्रावर धूर मोजला जातो तो सायलेन्सरच्या टोकाला. मधल्या जोडातून निसटणारा धूर त्या यंत्राला दिसत नाही.

परिवहन विभागाने योग्यता तपासणीच्या वेळी टर्बो आणि मॅनिफोल्डच्या जोडावरील काजळीही पाहावी. आपल्या भागातील आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचा अभ्यासक्रम चालतो. तेथील निदेशकांनी गॅरेजमधील मिस्त्र्यांसाठी संध्याकाळी दोन-तीन तासांचे प्रात्यक्षिक ठेवले, तर माझी काढलेली जुनी सामग्री नमुन्यादाखल द्यायला मी तयार आहे. आणि टर्बोच्या बिलात नव्या पॅकिंगची ओळ नसेल, तर मालकांनी गाडी ताब्यात घेण्याआधी ती मागावी.

आपला,
एक ट्रकमालक, लातूर